नोकरीपूर्व चारित्र्य पडताळणी: उमेदवाराला कायद्याने काय हक्क आहेत?

जामखेड तालुक्यातले खर्डा हे गाव बाहेरच्यांना १७९५ सालच्या मराठे-निजाम लढाईमुळे आणि निंबाळकरांच्या किल्ल्यामुळे माहीत असते. गावातल्या तरुणांचे लक्ष मात्र भरतीच्या जाहिरातींवर असते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १९ याच तालुक्यात कुसडगावला आहे. त्याशिवाय पोलीस शिपाई, केंद्रीय दले, बँका यांच्या भरती असतात, आणि सुपे, रांजणगाव, चाकण या औद्योगिक पट्ट्यांतल्या कंपन्या असतात. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, मुलाखत हे सगळे पार पडल्यावर शेवटी एक टप्पा राहतो, तो पडताळणीचा. निवड यादीत नाव आलेला उमेदवार इथे अडकला तर त्याला काही कारण कळत नाही आणि कोणाला विचारावे तेही सुचत नाही.

भारतात खासगी आणि सरकारी अशा दोन्ही नोकऱ्यांसाठी ‘बॅकग्राउंड चेक’चा एकच स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत पडताळणी संस्थेच्या अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर तो अहवाल आधी उमेदवाराला द्यावा लागतो. तसा नियम आपल्याकडे नाही. म्हणून हक्कच नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. हे हक्क राज्यघटना, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, बाल न्याय कायदा, एचआयव्ही कायदा, पतमाहिती कायदा, माहितीचा अधिकार आणि नवा विदा संरक्षण कायदा अशा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत.

सरकारी आणि खासगी पडताळणीतला फरक

सरकारी नोकरीत निवड झाल्यावर उमेदवाराकडून ‘साक्षांकन नमुना’ भरून घेतात. त्यात नाव, पत्ते आणि शिक्षणाबरोबर अटक, गुन्हा, खटला, शिक्षा यांविषयी थेट प्रश्न असतात. हा नमुना पोलिसांकडे जातो. उमेदवार ज्या ठाण्याच्या हद्दीत राहतो ते ठाणे आपल्या नोंदी तपासते, गावात पोलीस पाटलांकडे चौकशी होते आणि अहवाल पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत नेमणूक करणाऱ्या विभागाकडे जातो. नेमणूक करायची की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, विभाग ठरवतो. पोलिसांनी ‘प्रतिकूल’ असा शेरा मारला म्हणजे नोकरी गेलीच, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. विभागाने स्वतः विचार करणे बंधनकारक आहे. नुसता शेरा चिकटवून काढलेला आदेश न्यायालयात टिकणे अवघड असते.

खासगी कंपनी हे काम बहुतेक वेळा एखाद्या पडताळणी संस्थेला देते. पदवीची खात्री विद्यापीठाकडून होते (अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून). आधीची नोकरी जुन्या एचआरकडून आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन नोंदीवरून तपासतात. पत्ता प्रत्यक्ष भेटीत, तर खटले ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधतात. शेवटच्या प्रकारात नामसाधर्म्याचा मोठा धोका असतो. एकच आडनाव आणि एकच वडिलांचे नाव असलेले दोन जण एका तालुक्यात सहज सापडतात. अशी गफलत झाल्याचा संशय आला तर उमेदवाराने कंपनीकडे खटल्याचा क्रमांक मागावा. त्या खटल्यातल्या आरोपीचे वय आणि पत्ता दाखवला की प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. काही खासगी कंपन्या उमेदवारालाच पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणायला सांगतात. महाराष्ट्रात त्यासाठी पोलीस विभागाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो.

घडलेले सांगायचे की लपवायचे?

सगळ्या विषयाचा कणा हा प्रश्न आहे. गावातल्या गुन्ह्यांचे स्वरूप पाहिले तर त्याचे कारण कळते. बांधावरून भाऊबंदांत भांडण होते, दोन्ही बाजू ठाण्यात जातात आणि घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे फिर्यादीत येतात. त्यात बारावीत शिकणारा मुलगाही असतो. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ ही अशा फिर्यादींची नेहमीची चौकडी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ११५(२), ३५२, ३५१ आणि ३(५) झाली. दोन वर्षांनी भाऊबंद एक होतात, न्यायालयात तडजोड होते आणि सगळे प्रकरण विसरतात. पुढे भरतीचा नमुना हातात येतो आणि ‘आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ या ओळीवर पेन थांबतो. शेजारचे कोणीतरी सांगते, ‘नाही लिही, ते मिटलंय.’ बहुतेक नोकऱ्या या सल्ल्यापायी जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात याची सविस्तर नियमावली घालून दिली. त्याआधी याच न्यायालयाच्या वेगवेगळ्या पीठांनी उलटसुलट निकाल दिले होते. आज देशातले कोणतेही न्यायालय असे प्रकरण आले की आधी हा निकाल पाहते, म्हणून त्यातले मुद्दे उमेदवाराला माहीत असायला हवेत.

निकालाचा पहिला भाग उमेदवाराच्या कर्तव्याचा आहे. अटक, शिक्षा, निर्दोष सुटका किंवा प्रलंबित खटला यांविषयी दिलेली माहिती खरी असली पाहिजे, मग ती नोकरीत रुजू होण्याआधी दिलेली असो वा नंतर. पुढचा भाग उमेदवाराच्या बाजूचा आहे. माहिती लपवल्याचे उघड झाले तरी प्रकरणाची विशेष परिस्थिती लक्षात घेऊनच मालकाने निर्णय घ्यायचा आहे. तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल आणि तो सांगितला असता तरी उमेदवार त्या पदासाठी अपात्र ठरला नसता, तर लपवणूक माफ करण्याची मुभा मालकाला आहे. विचारलेला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे. जे नेमके विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला लपवणुकीचा दोष लावता येत नाही. आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे हेच उमेदवाराला माहीत नसेल तर त्याने लपवले असे म्हणता येत नाही. नोकरीत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणाने काढायचे असेल तर आधी विभागीय चौकशी करावी लागते.

याच निकालातला एक मुद्दा मात्र उमेदवारांना कडू लागतो. सगळे खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच पाहिजे, असे नाही. खटला संपला असला आणि तो प्रामाणिकपणे कळवला असला तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. निर्दोष सुटका कशी झाली यालाही इथे महत्त्व येते. साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल तर पोलीस दलासारख्या शिस्तीच्या खात्याला ती पुरेशी न मानण्याची मुभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ आणि २०२१ च्या निकालांत म्हटले आहे. तडजोड झालेल्या गुन्ह्यात कायद्याने निर्दोष सुटकेचाच परिणाम होतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५९). तरीही भरती मंडळ त्याकडे वेगळ्या नजरेने पाहू शकते.

मग खरे सांगून फायदा काय? महाराष्ट्रातलेच एक प्रकरण याचे उत्तर देते. न्यायिक सेवेच्या परीक्षेत २००९ मध्ये निवड झालेल्या एका उमेदवाराने साक्षांकन नमुन्यात स्वतःहून लिहिले की विद्यार्थिदशेत आपल्यावर अपहरणाच्या कलमांखाली खटला चालला होता आणि २००४ मध्ये आपली निर्दोष सुटका झाली. २०१० मध्ये त्याची निवड रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. त्याच निवडीतल्या, फौजदारी खटल्यातून सुटलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराला नेमणूक मिळाली होती, हे तिथे पुढे आले. न्यायाधीशाच्या पदाला चारित्र्याची कसोटी कडक असणार हे न्यायालयाने मान्य केले. मात्र प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार हवा, यांत्रिकपणे नकार देता येणार नाही, असे सांगून १२ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच्या निवडीचा पुनर्विचार करण्याचा आदेश दिला. त्याने तो खटला लपवला असता तर न्यायिक सेवेच्या बाबतीत न्यायालयाने त्याचे ऐकून घेतले असते, असे वाटत नाही.

लपवलेल्यांच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे निकाल आले आहेत. दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल पदासाठी अर्ज केलेल्या एका तरुणाने विशीतल्या मारामारीचा, तडजोडीने मिटलेला खटला लिहिला नव्हता. २०११ मध्ये न्यायालयाने ती तरुणपणातली चूक मानून त्याला संधी दिली. उत्तर प्रदेश पोलिसांतल्या एका शिपायाची रद्द झालेली निवड फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने परत दिली. तिथे स्थानिक पोलिसांनीच त्याच्याविषयी चांगला अहवाल दिला होता. उलट सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या भरतीच्या प्रकरणांत लपवणूक न्यायालयाला मान्य झाली नाही. २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज पारेषण निगमातल्या कर्मचाऱ्याने थेट शिक्षाच लपवली होती, त्याची बडतर्फी कायम राहिली. यातून ज्याने जिंकले त्यालाही आयुष्याची दहा-वीस वर्षे खर्चावी लागली, हे विसरता कामा नये.

कोणती नोंद ‘गुन्हा’ ठरते?

नमुन्यातला प्रश्न आधी नीट वाचावा. ‘शिक्षा झाली आहे का’, ‘खटला प्रलंबित आहे का’ आणि ‘कधीही गुन्हा दाखल झाला होता का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असू शकते. अदखलपात्र नोंद, म्हणजे ज्याला गावात ‘एनसी’ म्हणतात ती, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासावर घेता येत नाही. ती प्रथम खबर नसते. प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ‘चॅप्टर केस’ (पूर्वीची कलमे १०७ व ११०, आताची १२६ व १२९), यात शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते. तो गुन्हा शाबीत झाल्याचा निकाल नसतो. पण नमुन्यात ‘प्रतिबंधक कारवाई झाली होती का’ असे विचारले असेल तर ती लिहावी लागते.

पोलिसांनी तपास करून प्रकरण बंद केले असेल तर ते ‘समरी’त गेलेले असते. फिर्याद खोटी निघाली की ‘ब’ समरी, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली की ‘क’ समरी. अशा वेळी समरी मंजूर केल्याच्या न्यायालयीन आदेशाची प्रत जपून ठेवावी. नमुन्यात गुन्हा नोंदवला गेल्याचे लिहून त्याच ओळीत समरीचा उल्लेख करून प्रत जोडता येते.

आंदोलनांतले गुन्हे हा आणखी एक गुंता. रास्ता रोको, मोर्चे, टाळेबंदीत कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे अशा प्रकरणांत राज्य सरकार वेळोवेळी ‘गुन्हे मागे घेतले’ अशी घोषणा करते. टाळेबंदीतल्या गुन्ह्यांविषयी २०२२ मध्ये अशीच घोषणा झाली होती. बातमी वाचून उमेदवार निर्धास्त होतो. कायद्याने मात्र खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते (पूर्वीचे कलम ३२१, आताचे ३६०). तो आदेश निघेपर्यंत खटला चालूच असतो आणि ई-कोर्ट्सवर दिसतो. जामखेडच्या न्यायालयात जाऊन आपल्या खटल्याची सद्यःस्थिती पाहणे आणि आदेशाची प्रमाणित प्रत काढणे हे भरतीची जाहिरात येण्याआधी करण्यासारखे काम आहे.

अल्पवयात घडलेले

या विषयात उमेदवारांना सर्वांत कमी ठाऊक असलेला हक्क हा आहे. घटना घडली तेव्हा वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ मधले कलम २४ सांगते की बालकाविरुद्ध दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेशही बाल न्याय मंडळाने द्यायचा असतो. अपवाद एकच: सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

याच कायद्याचे कलम ७४(२) तर थेट चारित्र्य दाखल्याचा उल्लेख करते. बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतले असे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा अल्पवयातली घटना न सांगितल्याबद्दल उमेदवाराला दोष देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. बांधाच्या भांडणात ज्या बारावीतल्या मुलाचे नाव गोवले गेले, त्याचे त्या दिवशीचे वय किती होते, हे म्हणूनच आधी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पाहावे.

जात, राजकारण आणि पोलिसांचे रजिस्टर

अहिल्यानगर जिल्ह्यात आणि शेजारच्या बीड, धाराशिव भागात पारधी आणि इतर विमुक्त समाजांच्या वस्त्या आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशयाची नजर गेली नाही. वस्तीतल्या मुलाचे नाव केवळ जातीमुळे संशयितांच्या यादीत आले तर पडताळणीचा अहवाल आपोआप काळवंडतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ च्या निकालात हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. मागास आणि वंचित समाजांतून आलेल्या निरपराध व्यक्तींची नावे पोलिसांनी ‘हिस्ट्री शीट’मध्ये यांत्रिकपणे नोंदवू नयेत आणि त्यांतल्या अल्पवयीन नातेवाइकांचे तपशील लिहू नयेत, याकडे सर्व राज्यांनी लक्ष द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. अशी नोंद असल्याचा संशय असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन ती वगळण्याची मागणी करता येते.

राजकीय मतांविषयी न्यायालयाची भूमिका अधिक जुनी आहे. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला पूर्वी एका राजकीय संघटनेच्या कार्यात असल्याच्या पोलीस अहवालावरून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाविरोधी ठरवले. कायदेशीर पक्षाचा कार्यकर्ता असणे हा चारित्र्याचा डाग ठरत नाही.

आरोग्य, गरोदरपण आणि पतमाहिती

वैद्यकीय तपासणी हा पडताळणीचाच भाग असतो, पण तिला मर्यादा आहेत. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या नमुन्यात महिला उमेदवारांना मासिक पाळी आणि गरोदरपणाविषयी प्रश्न विचारले जात. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लाजिरवाणे ठरवून रकाने काढायला लावले. आजही एखाद्या कंपनीचा एचआर ‘मूल कधी?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नामागे कायदा नाही, केवळ सवय आहे.

एचआयव्हीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले होते की काम करण्यास सक्षम आणि इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीला केवळ संसर्गामुळे नोकरी नाकारता येणार नाही. पुढे १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने नोकरी देण्याची अट म्हणून ही चाचणी करण्यावरच बंदी आणली, आणि ती खासगी मालकालाही लागू आहे.

बँकेच्या नोकरीत आता सिबिल पाहतात. सरकारी बँकांच्या सामाईक भरतीच्या जाहिरातींत पतइतिहास चांगला असण्याची अट असते. थकीत नोंद असेल तर ती दुरुस्त करावी किंवा कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणावे, अन्यथा नेमणूक रद्द होऊ शकते, असे त्यात लिहिलेले असते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्टेट बँकेने या कारणाने रद्द केलेली एक नेमणूक योग्य ठरवली. खर्ड्यासारख्या गावात शेतीकर्जाला मुलाचे नाव सहकर्जदार म्हणून लागलेले असते किंवा मोबाइल हप्त्यावर घेतलेला असतो. त्याची थकबाकी थेट नोकरीच्या दारात उभी राहते. उमेदवाराच्या हातात दोन गोष्टी आहेत. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, आणि ती न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

वैयक्तिक माहितीवर कोणाचा ताबा?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्याला धरून संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, सूचना आणि हक्कांविषयीच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येणार आहेत. त्यानंतर कोणती माहिती कशासाठी घेतली जाते ते उमेदवाराला आधी कळवावे लागेल. ही सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल, कारण आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांना तो हक्क आहे. गरजेपेक्षा जास्त माहिती मागता येणार नाही. संमती मागे घेता येईल, चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येईल, आणि दाद न लागल्यास विदा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येईल.

या कायद्यात एक पळवाटही आहे. ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. त्या तरतुदीत उल्लेख कर्मचाऱ्याचा आहे. अजून रुजू न झालेला उमेदवार त्यात मोडतो का, यावर वाद होणार हे उघड आहे. सावध कंपन्या उमेदवाराची लेखी संमती घेतातच.

तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम चालू आहेत. आर्थिक माहिती, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे यांसारखी संवेदनशील माहिती घेण्यासाठी कंपनीला लेखी संमती लागते. दिलेली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आहे, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. संमतीपत्रावर सही करताना कोऱ्या जागा भरून घ्याव्यात आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे पाहण्यासाठी दाखवायची असतात, ठेवून घेण्यासाठी नव्हे. आधारची प्रत द्यायची असल्यास पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत देता येते.

कागदांतल्या तफावतीविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण जुन्या दाखल्यांवर अहमदनगरच आहे. ही खोटी माहिती नव्हे, आणि त्यासाठी कोणी शपथपत्र मागत असेल तर शासनाच्या अधिसूचनेची प्रत दाखवणे पुरेसे असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना मात्र राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावाच लागतो.

नकार आल्यावर

सरकारी विभागाने नेमणूक नाकारली तर पहिला हक्क कारण कळण्याचा. माहितीचा अधिकार कायद्याचे कलम ४(१)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यायलाच हवीत. दहा रुपये शुल्काच्या अर्जावर आपला साक्षांकन नमुना, पडताळणी अहवाल आणि निर्णयाची टिपणी मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मिळणे आता कठीण झाले आहे, पण स्वतःच्या माहितीला ते लागू होत नाही.

राज्य शासनाच्या पदांसाठी दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात मागावी लागते, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातली प्रकरणे छत्रपती संभाजीनगरच्या पीठापुढे जातात. नकाराच्या आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. विनंती अर्ज देत बसण्यात हे वर्ष निघून जाते, ही नेहमीची शोकांतिका. केंद्र सरकारच्या नागरी पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तर केंद्रीय सशस्त्र दलांच्या बाबतीत उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

खासगी नोकरीत हात तोकडे पडतात. ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी ओळ असते आणि कंपनी तिचाच आधार घेते. न्यायालय कंपनीला अमुक माणूस घ्याच असे सांगू शकत नाही. जुनी नोकरी सोडून नुकसान झाले असेल तर भरपाईचा दावा होऊ शकतो, पण तो लांबचा रस्ता आहे. रुजू झाल्यानंतर ठपका ठेवून काढलेल्या कामगाराला कामगार कायद्यांखाली दाद मागता येते. जुन्या मालकाने द्वेषाने खोटी माहिती दिली असेल तर बदनामीची तक्रार होऊ शकते, पण त्याने सद्‌भावनेने दिलेले मत त्यात येत नाही. उमेदवारानेच बनावट अनुभवपत्र दिले असेल तर हक्कांची भाषा संपते, कारण बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पडताळणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तो कोण आहे ते पाहावे. अनोळखी ‘कंपनी’ने फोनवर पडताळणी शुल्क मागणे ही बहुधा फसवणूक असते आणि तिची तक्रार १९३० या क्रमांकावर होते. सरकारी कर्मचाऱ्याने चांगल्या अहवालासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. नाइलाजाने पैसे दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवावे लागते, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होऊ शकतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मार्गदर्शनासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.